‘गाडी आपोआप वळते’ : दारूची तलफ, मेंदूचा लगाम आणि चुंबकाचा उपचार

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर ३८ वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला. दहा-बारा वर्षं पितात, गेली तीन वर्षं रोज. एकदा २१ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. त्यानंतर ४० दिवस थेंब नाही. मग पगार झाला आणि त्या रात्री पिऊनच घरी आले. ताई लिहितात, ‘अंबाबाईसमोर शपथ घेतात तेव्हा खोटं बोलत नाहीत हो, ते मला कळतं. पण नंतर म्हणतात, गाडी आपोआप वळते.’ नात्यातल्या कुणीतरी सांगितलंय की पुण्यात मेंदूला चुंबक लावून दारू सोडवतात, २० सत्रांचे ६० हजार. त्यासाठी सोनं मोडावं का, आणि घरच्या घरी करता येण्यासारखं काही आहे का? शिवाय सासूबाईंनी कुठून तरी एक पुडी आणली आहे, ती भाजीतून द्यायची म्हणतात.

ताई, मी कोल्हापुरात १८ वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतोय आणि माझ्या ओपीडीचा मोठा भाग दारूचाच आहे. सोन्याचं आधी सांगतो : आत्ता मोडू नका. चुंबकाचा उपचार थोतांड आहे म्हणून नव्हे. तो खरा उपचार आहे, पण तुमच्या घरी त्याच्या आधी करण्यासारखं बरंच काही शिल्लक आहे, आणि ते केल्याशिवाय चुंबकाचे पैसे पाण्यात जाण्याची शक्यता जास्त.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य चुंबकाचं नाही. ‘गाडी आपोआप वळते’ हे आहे.

घरचे लोक याला बहाणा समजतात. पहिली काही वर्षं मीही समजायचो आणि पेशंटला मनोधैर्यावर लांबलचक व्याख्यानं द्यायचो. ती व्याख्यानं ऐकून माणसं मान डोलवायची, रडायची, आणि संध्याकाळी प्यायची. आता वाटतं, ते खरंच सांगत होते आणि मला ऐकू येत नव्हतं.

मेंदूत दोन कामं वेगवेगळ्या ठिकाणी चालतात. खोल आतल्या भागात सवयी मुरतात : अमुक दिसलं की तमुक करायचं. कपाळामागचा भाग लगाम धरतो : थांब, पुढचं बघ. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, त्याच माणसांबरोबर दारू घेतली की तो चौक, ती वेळ, काउंटरवर ठेवलेल्या बाटलीचा आवाजसुद्धा सवयीचा भाग बनतो. विचार सुरू व्हायच्या आत हात निघालेला असतो. शिवाय वर्षानुवर्षांची दारू लगाम धरणारा भागच अशक्त करते. म्हणजे ओढणारा घोडा ताकदवान होत जातो आणि लगाम धरणारा हात ढिला.

त्यात भर अशी की शपथ घेणारा माणूस आणि पिणारा माणूस एकाच अवस्थेत नसतात. शपथ सकाळी अंघोळ करून, पोटात काहीतरी असताना, देवीसमोर घेतलेली असते. परीक्षा होते रात्री, आठ तास भट्टीजवळ उभं राहून, रिकाम्या पोटी, खिशात पगार असताना. तुमचे मिस्टर खोटं बोलत नाहीत. ज्या वेळी शपथ उपयोगी पडायला हवी, त्या वेळी ती हाताशी नसते एवढंच.

त्यामुळे खरा प्रश्न ‘इच्छा आहे का’ हा नाही, इच्छा आहेच. ओढ लागणं आणि गाडी वळणं यांच्यामध्ये जी काही सेकंदं किंवा मिनिटं असतात ती वाढवायची कशी, आणि वाढली तर त्या वेळेत करायचं काय? सगळे उपचार, चुंबकही, या एकाच जागेवर काम करतात. बहुतेक उपचार ती वेळ थोडी लांबवतात. त्या वेळेत काय करायचं ते कुठलंही यंत्र सांगत नाही.

आता काही गोष्टी मला तुमच्या मिस्टरांना बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत. आवेग म्हणजे एकच चीज नाही. काहींचा हातच आधी जातो, विचार मागून येतो. काहींचा हिशेब चुकतो : आजची क्वार्टर आणि पुढच्या वर्षीचं बरं आयुष्य यांत आजचं पारडं भलतंच जड वाटतं. आणि काहीजण एरवी अगदी ठीक असतात, पण राग आला, अपमान झाला की तडक दुकानात. पगार आणि रस्ता या दोन शब्दांवरून तुमचं प्रकरण पहिल्या दोन प्रकारांचं मिश्रण वाटतं, पण तिसरा प्रकार बाहेरून दिसत नाही. सुपरवायझरने शिवी दिली हे माणूस बायकोला सांगत नाही. शिवाय मी विचारीन : लहानपणापासून एका जागी बसवत नव्हतं का, कधी गाडीवरून पडून डोक्याला मार लागला होता का, अधूनमधून महिना महिना उदास असतात का? लहानपणीची अतिचंचलता मोठेपणी राहिलेली असू शकते, डोक्याच्या माराने लगामाचा भाग दुखावलेला असू शकतो, नैराश्य असू शकतं. तसं काही निघालं तर आधी त्याचा उपचार, आणि त्यानेच बरंच काम हलकं होतं.

एक गोष्ट मात्र न बघताही सांगतो. सध्या रोज पीत असतील तर ‘उद्यापासून बंद’ असं घरी करू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, अंग थरथरतं, ताप चढतो. यात माणूस दगावतोही. सकाळी हात कापत असतील, आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेऊनच बंद करायची. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे खर्चाचं ओझंही पडत नाही.

आता यंत्रांकडे वळतो, कारण त्यासाठीच तुम्ही लिहिलंय.

पुण्याचं ते चुंबक म्हणजे टीएमएस. डोक्यावर कॉइल धरतात, त्यातून चुंबकीय क्षेत्राचे झटपट ठोके जातात आणि कवटीखालच्या मेंदूच्या पेशींत बारीकशी वीज तयार होते. १९८५ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं. भूल नाही, शॉक नाही. सिनेमात दाखवतात त्या शॉकशी याचा काही संबंध नाही. माणूस खुर्चीत जागा असतो, कानात बोळे असतात, टक-टक-टक असा आवाज येत राहतो, जणू कुणी डोक्यावर पेनाने टिचक्या मारतंय. डोकं थोडं दुखू शकतं. एक सत्र साधारण २०-३० मिनिटांचं, आठवड्यातून पाच दिवस, दोन ते चार आठवडे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हा उपचार २००८ मध्ये नैराश्यासाठी मान्य केला. त्याचाच जरा खोलवर जाणारा प्रकार २०१८ मध्ये ओसीडीसाठी (तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) आणि २०२० मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी मान्य झाला. दारूसाठी अशी मान्यता नाही. याचा अर्थ उपयोग नाही असा होत नाही. आपल्याच देशात रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत ४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कपाळामागच्या उजव्या भागावर दहा सत्रं दिल्यावर तुलनेसाठी नुसतं दाखवायला खोटं यंत्र लावलेल्यांपेक्षा खरं यंत्र लावलेल्यांची तलफ चांगलीच उतरली. पुढेही बऱ्याच अभ्यासांत तलफ कमी झाल्याचं दिसलं. पण तलफ उतरणं आणि न पिणं यांत अंतर आहे. तलफ पेशंट कागदावर आकडा लिहून सांगतो. पिणं पगाराच्या दिवशी चौकात ठरतं. प्रत्यक्ष पिण्यावर काय परिणाम झाला हे पाहिलं की निकाल एकसारखे येत नाहीत. अभ्यास लहान आहेत, प्रत्येकाची मात्रा वेगळी, मेंदूतली जागा वेगळी, आणि खोट्या यंत्रानेही माणसं बऱ्यापैकी सुधारतात. हे शेवटचं मला फार विचार करायला लावतं. तीन आठवडे रोज कुणीतरी आस्थेने विचारपूस करतं, ठरल्या वेळी यावं लागतं, हाही उपचारच झाला की.

चुंबकाला एक काटेकोर पथ्यही आहे. या उपचाराने क्वचित फिट येऊ शकते, आणि नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला फिटचा धोका मुळातच जास्त. म्हणून शरीरातली दारू पूर्ण उतरल्यावर, थरथर थांबल्यावरच ते करायचं. डोक्यात धातूची क्लिप किंवा ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर नाहीच. ‘या आणि लगेच उद्यापासून सुरू करू’ असं कुणी म्हटलं तर तिथून उठून या.

याचं एक धाकटं भावंड आहे, टीडीसीएस. दोन ओल्या स्पंजांमधून एक-दोन मिलीअँपिअर इतकीच वीज, साधारण २० मिनिटं. यंत्र स्वस्त, खाज आणि मुंग्या याशिवाय फारसा त्रास नाही. ब्राझीलमध्ये ३३ जणांच्या अभ्यासात खरी वीज मिळालेल्या १६ पैकी ८ जण सहा महिने कोरडे राहिले, खोटी मिळालेल्या १७ पैकी फक्त २. आकडे डोळ्यांत भरतात, पण ३३ माणसांवरून मी माझ्या भावाचंही सोनं मोडायला सांगणार नाही. आणि एक विनंती : हे यंत्र ऑनलाइन मागवून घरी लावू नका. चुकीच्या जागी लावलं तर उपयोग शून्य, आणि स्पंज वाळला तर कातडी भाजते.

यंत्राशिवाय लगाम कसता येतो का? येतो, थोडा. याचे खेळ आहेत, कॉम्प्युटरवर. पडद्यावर चित्रं येतात. दारूचं आलं की जॉयस्टिक पुढे ढकलायची, चित्र लहान होत लांब जातं. सरबत, पाणी असलं काही आलं की आपल्याकडे ओढायची, चित्र मोठं होत जवळ येतं. जर्मनीत २१४ रुग्णांवर हे फक्त चार बैठकांत करून घेतलं, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. वर्षाने पाहिलं तर प्रशिक्षण न घेतलेल्यांत ५९ टक्के पुन्हा पिऊ लागले होते, घेतलेल्यांत ४६. मेलबर्नमध्ये ३०० जणांवर, दारू उतरवण्याच्या वॉर्डातच केलं, त्याचे निकाल २०२१ मध्ये आले. दोन आठवड्यांनंतर खेळ केलेल्यांत ५४ टक्के न पिता राहिले, बाकीच्यांत ४२-४३. जादू नाही. पण चार बैठकांच्या खेळाला हे कमी नाही.

दुसऱ्या एका प्रकारात काही चित्रांवर बटण दाबायचं आणि दारूच्या चित्रावर हात आवरायचा. याचा परिणाम त्याच दिवशी छान दिसतो, पुढे विरत जातो. बेल्जियममध्ये हे आणि टीडीसीएस एकत्र करून पाहिलं, तर सुरुवातीच्या दोन आठवड्यांत पुन्हा पिण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. पुढच्या महिन्यांबद्दल त्यावरून फारसं बोलता येत नाही.

माझ्या दवाखान्यात आम्ही हा बटणाचा खेळ करून पाहिला तेव्हा आधी काही होईचना. चित्रं परदेशी होती : वाइनचे उंच ग्लास, फेसाळ बिअरचे मग. आमची मंडळी निवांत, एकही चूक नाही. मग आमच्या सहकारी मानसशास्त्रज्ञ बाईंनी इथलेच फोटो काढून आणले : देशी संत्र्याची बाटली, स्टीलचा ग्लास, वर्तमानपत्रावर चकण्याचे शेंगदाणे, परमिट रूमचा पडदा. त्या दिवशी साखर कारखान्यातला एक फिटर बसला होता. संत्र्याची बाटली पडद्यावर आली आणि त्याचा अंगठा ताडकन बटणावर. स्वतःच्याच अंगठ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘कळायच्या आत ग्येला की वो हात.’ बारा मिनिटांत नऊ वेळा गेला. त्या खेळाने त्याची दारू सुटली असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून त्याने ‘मी वाईट आहे’ म्हणणं सोडलं आणि ‘हात आधी जातो, मग हाताचं काय करायचं’ असं विचारायला लागला. पुढचं सगळं काम त्या प्रश्नावर उभं राहिलं.

आता माझी एक चूक सांगतो, तुमच्याशी थेट संबंधित आहे म्हणून. काही वर्षांपूर्वी चुंबकाच्या उपचाराबद्दल मीही उत्साहात होतो. एका तरुण पेशंटला मी स्वतः पुण्याला पाठवलं. १५ सत्रं झाली. फोनवर सांगायचा, ‘सर, डोकं हलकं वाटतंय, आठवणच येत नाही.’ मी खूश. पण मी दोन गोष्टींचा विचारच केला नव्हता. एक, सत्र अर्ध्या तासाचं, तर उरलेले साडेतेवीस तास तो परक्या शहरात लॉजवर एकटा काय करणार? दुसरी, परत आल्यावर कोल्हापूर तेच असणार होतं. तोच रस्ता, तेच मित्र, पगार रोख हातात. तीन आठवड्यांनी तो पुन्हा प्यायला. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या घरच्यांनी ठरवून टाकलं की मेंदूचा उपचार करूनही सुटत नाही म्हणजे आता काही उपाय नाही. उपचार फसला नव्हता, मी तो अर्धा केला होता. पुढे दोन वर्षं तो माझ्याकडे फिरकला नाही.

म्हणून माझा क्रम आता वेगळा आहे. पहिलं, दारू सुरक्षितपणे उतरवणं. दुसरं, तलफ कमी करणाऱ्या गोळ्या. याबद्दल लोकांना माहितीच नसते आणि चुंबकापेक्षा यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. नॅल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा बोथट करतं, त्यामुळे तलफही उतरते आणि चुकून एक पेग झालाच तर पुढचे चार होण्याची शक्यता कमी होते. आधी लिव्हरची तपासणी लागते. आणि फाउंड्रीतल्या माणसांना मी हटकून विचारतो : कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेता का? कारण ती आणि नॅल्ट्रेक्सोन एकत्र चालत नाहीत. अकॅम्प्रोसेट दारू सुटल्यानंतरची अस्वस्थता, झोप न लागणं यावर बरं पडतं, त्याला किडनी ठीक हवी. केंद्रातून घरी येताना मिस्टरांना यांपैकी काही दिलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिलं नसेल तर ते ४० दिवस त्यांनी केवळ दातओठ खाऊन काढलेत, आणि ते थोडं नाही.

तिसरं म्हणजे रस्ता. हे ऐकायला फालतू वाटतं म्हणून लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम हेच करतं. मी पेशंटला कोरा कागद देतो आणि गेटपासून घरापर्यंतचा रस्ता काढायला सांगतो, थांबे दाखवून. शिरोलीचाच एक जण होता, राहायला कसबा बावड्यात. त्याने हायवे काढला, पंचगंगेचा पूल काढला, तावडे हॉटेलचा चौक काढला आणि तिथे पेन थांबलं. पुढचा रस्ता काढलाच नाही. म्हणाला, ‘इथनं म्होरं मी नसतोयच.’ त्याने रस्ता बदलला, शियेवरून बावड्याला जायला लागला. अंतराचा फार फरक नाही, पण त्याच्या मेंदूला त्या रस्त्यावर काहीच आठवत नव्हतं. पावसाळ्यात नदीचं पाणी आलं की तो रस्ता बंद होतो. मग त्या दिवसांसाठी वेगळा बेत आधीच ठरवला : भावाने गेटवर यायचं आणि दोघांनी एकाच गाडीवर घरी.

बेत कसा असावा हेही सांगतो. ‘आज पिणार नाही’ हा बेत नाही, ती इच्छा झाली. ‘सुटी झाल्यावर अमका म्हणाला चल, तर मी म्हणेन गोळी चालू आहे, आणि गाडीला किक मारेन’ हा बेत. अमुक झालं की मी तमुक करणार, इतका ठरीव, तोंडपाठ. कारण त्या क्षणी लगाम धरणारा भाग दमलेला असतो, तेव्हा नवीन विचार सुचत नाही, आधी घोकलेलं तेवढं बाहेर येतं. पैलवान डाव तालमीत घोटतो तो यासाठीच. मैदानात विचार करायला वेळ नसतो. हे वाक्य दोघांनी मिळून लिहा आणि त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. हसू येईल, येऊ द्या. आणि कामावरून निघताना पोटात काहीतरी असू द्या, डब्यातली एक भाकरी मागे ठेवायला सांगा. भुकेल्या, दमलेल्या माणसाची तलफ दुप्पट असते. तलफ आली तरी साधारण वीस-तीस मिनिटांत ती ओसरते, लाटेसारखी. ती दाबायची नाही, निघून जाईपर्यंत दुसरीकडे असायचं.

चौथं, पगार. आवेगाच्या माणसाकडे रोख रक्कम असणं म्हणजे भट्टीपाशी रॉकेल ठेवणं. पगार बँकेत जमा होतो का? कार्ड कुणाकडे? हे त्यांच्या संमतीने ठरवा, हिसकावून नको. माझ्या एका पेशंटने फार सुंदर युक्ती काढली. पतसंस्थेच्या पिग्मी एजंटला, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्याला, त्याने रोज सुटीच्या वेळी गेटवर यायला सांगितलं. क्वार्टरचे पैसे दारूच्या वेळेलाच हातातून जायचे आणि बदल्यात पावती हातात पडायची. लांबच्या फायद्याला मेंदू किंमत देत नाही, म्हणून फायदा आजच, हातात दिसेल असा आणायचा, हे आमच्या शास्त्रातलं मोठं तत्त्व आहे. परदेशात दवाखाने श्वासाच्या तपासणीत दारू नसली की लगेच चिठ्ठी काढून बक्षीस देतात, ते याच तत्त्वावर. आपल्याकडे ते काम पिग्मीवाल्याने केलं.

पाचवं, घसरले तर काय? घसरतील असं धरून चाला. ४० दिवसांनंतर एक दिवस पिणं म्हणजे ४० दिवस वाया गेले असं नाही. पण पिणाऱ्याच्या डोक्यात लगेच येतं, ‘आता मोडलंच आहे तर पुरतं पिऊ.’ घरात त्या रात्री भांडण झालं की त्या विचाराला दुजोराच मिळतो. रात्री काही बोलू नका. सकाळी विचारा, ‘काल कुठे वळलात?’ का वळलात हे नको. ‘का’ला उत्तर नसतं, ‘कुठे’ला असतं, आणि त्यावर काहीतरी करता येतं.

हे सगळं कोण करून घेणार? दर वेळी डॉक्टरच लागतो असं नाही. आपल्या शेजारी गोव्यात साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटींत असंच काम केलं. तीन महिन्यांनी ३६ टक्के लोक धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले, नुसती नेहमीची देखभाल मिळालेल्यांत २६ टक्के. ती माणसं मिस्टरांपेक्षा कमी पिणारी होती, हे खरं, त्यामुळे तुम्हाला गोळ्या आणि डॉक्टर दोन्ही लागतील. पण बोलून, ठरवून, घोकून फरक पडतो हे त्यातून दिसतं. सध्या कुणीच सापडत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येतं. मिस्टरांच्या आधी तुम्हीच फोन केलात तरी चालेल.

हे सगळं तीन-चार महिने नीट करून, गोळ्या नियमित घेऊनही गाडी वळतच राहिली, तर मी स्वतः चुंबकाचा विचार करायला सांगीन. नैराश्यही निघालं तर आणखी लवकर, कारण तिथे त्याचा पुरावा पक्का आहे. तेव्हा पुण्याला विचारायचे प्रश्न : मानसोपचारतज्ज्ञ स्वतः तपासणार का, मेंदूच्या कुठल्या भागावर देणार, फिट आली तर व्यवस्था काय, आणि २० सत्रांनंतर पुढच्या सहा महिन्यांचं काय ठरवलंय? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे भरू नका. शिवाय २० सत्रं म्हणजे चार आठवड्यांचा खाडा. त्याची मजुरी ६० हजारांत धरलेली नाही, ती तुम्ही धरा. राहायचं झालं तर कुणाच्या घरी, लॉजवर नाही.

पुडीचं राहिलं. ती भाजीत घालू नका, अगदी सासूबाई रागावल्या तरी. अशा पुड्यांत कधी कधी डायसल्फिराम असतं. ते औषध खरं आहे, मीही देतो, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. पोटात ते असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. औषध थांबवल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो नेहमीप्रमाणे पिणार आणि रस्त्यात कोसळणार. पुडी फेकूनही देऊ नका. कागदासकट पिशवीत घाला आणि ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना दाखवा. आतापर्यंत एक-दोनदा दिली गेली असेल तर किती आणि कोणत्या दिवशी, हे सासूबाईंना शांतपणे विचारून घ्या, आणि मिस्टरांनाही आजच सांगा. चिडतील. पण आज ते पिणार असतील तर त्यांना हे माहीत असायलाच हवं.